फडक्याला पुसलेले हात

“…पण ब्रेक दिगूला का दिला, वस्ताद?”

जयसिंग चौगुले हे विचारतच गॅरेजात शिरला. मोटारसायकल त्याने अर्धी रस्त्यात उभी केली होती.

दस्तगीर वस्ताद दाराशी लाकडी खोक्यावर बसले होते. दोन बोटांत एक वॉशर धरून त्याची कड चाचपत होते. एका डोळ्याचं ऑपरेशन फुकट गेलं होतं आणि दुसऱ्यात धुकं उतरलं होतं. आता ते माणूस आवाजावरून ओळखत आणि नट बोटांवरून.

“जयसिंग व्हय?”

“मीच.”

“चा घेणार?”

“आधी सांगा. माझ्या गॅरेजवर पाटी कशाची आहे? ब्रेकची. मिरजेतनं गाड्या येतात माझ्याकडं. आणि तुमच्या गाडीला डिस्क बसवायची म्हटल्यावर ते काम दिगू करणार…”

वस्तादांनी वॉशर खिशात टाकला.

“बघायला तू हाईस म्हणून.”

जयसिंग हसला. मुद्दाम ऐकू जाईल असा हसला.

“समजूत काढताय माझी.”

गॅरेजच्या आतून कानशीचा आवाज येत होता, एका लयीत. दिगू काम करत होता.

लोकांच्या दृष्टीने गाडी साधीच होती. जुनी, गोल पाठीची, पिस्ता रंगाची छोटी फियाट. जिला सगळे डुक्कर फियाट म्हणतात. वस्तादांनी ती तरुणपणी मोडक्या अवस्थेत घेतली आणि स्वतःच्या हातांनी उभी केली. त्यानंतर कुठल्याही शिष्याला त्यांनी तिचं बॉनेट उघडू दिलं नाही. धुवायला देत. पान्हा लावू देत नसत.

त्या काळातल्या गाड्यांसारखे तिलाही चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. कोल्हापुरात फिरायला ते पुरत. पण वस्तादांची मुलगी शमशाद करूळ घाटाच्या खाली, वैभववाडीला दिलेली. एवढा घाट उतरायचा तर ड्रम तापत, आणि तापले की पाय कितीही दाबा, गाडी ऐकत नसे. मागे एकदा वस्तादांनी ती डोंगराच्या कडेला घासत घासत थांबवली होती. तेव्हापासून ते मुलीकडे एस.टी.ने जात. आता एस.टी.ची पायरीही दिसत नव्हती.

म्हणून पुढच्या दोन चाकांचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवायचं ठरलं. वस्ताद पहिल्यांदाच आपल्या गाडीला दुसऱ्याचा हात लावू देणार होते.

तो हात आपला असणार, हे जयसिंगने कुणालाही न विचारता धरून ठेवलं होतं.

दिगू म्हणजे दिगंबर सुतार. तो उशिरा आलेला. आधी शिलाई मशीन दुरुस्त करायचा. जयसिंग स्वतःचं गॅरेज काढून बाहेर पडला त्याच सुमाराला तो वस्तादांकडे शिकायला लागला, आणि मग गेलाच नाही. सकाळी वस्तादांच्या डोळ्यांत औषध तोच घालायचा. मशिदीपर्यंत हात धरून तोच सोडायचा.

जयसिंगला त्याचं काही वाटत नव्हतं. बशीचं वाटत होतं.

वस्तादांची चहाची एक तऱ्हा होती. कपातला अर्धा चहा ते बशीत ओतत, बशी शेजारच्या माणसाकडे सरकवत आणि कप स्वतः घेत. जयसिंगचं सगळं तरुणपण त्या गॅरेजच्या खड्ड्यात, गाड्यांच्या पोटाखाली गेलं होतं, आणि त्या सगळ्या काळात बशी त्याच्याकडे सरकत आली होती. त्यावर कधी कुणी काही बोललं नव्हतं. मग एक दिवस तो सहज भेटायला आला, आणि बशी दिगूकडे गेली. दिगूने ती उचलली, फुंकर घातली आणि पिऊन टाकली. बोलणं न थांबवता, सवयीने.

त्या दिवसापासून जयसिंगने वस्तादांकडे चहा घेतला नव्हता.

काम सुरू झालं तसं जयसिंगचं येणंही वाढलं. कधी वाटेवर होतो म्हणून, कधी एखादा पान्हा हवा म्हणून. येऊन दारात उभा राहायचा आणि आत बघायचा.

“काय शिंपीदादा, टाके पडले का?”

“टाके पडलेत, दादा,” दिगू गाडीखालून म्हणायचा. “काजं करायची राहिल्यात.”

वस्ताद हसायचे. त्यांच्या हसण्याचंही जयसिंगला लागायचं.

दिगूने भंगारातून एका दुसऱ्या गाडीच्या डिस्कच्या चकत्या मिळवल्या होत्या. त्या जुन्या चाकाला बसाव्यात म्हणून उद्यमनगरातून लेथवर पट्ट्या करून आणल्या होत्या. पट्टीची जाडी किती ठेवावी, हे त्याने जयसिंगला विचारलं. जयसिंग म्हणाला, तुझ्या वस्तादांना विचार. तुझ्या, या शब्दावर त्याने जोर दिला. दिगूच्या ते ध्यानात आलं नाही. त्याने खरोखरच वस्तादांना विचारलं.

एका दुपारी चाकाशी गेलेली ब्रेकची नळी जयसिंगने पाहिली. तांब्याची, नवी. तिचं वळण कुठेही चेपलेलं नव्हतं. अशी नळी वाकवायची तर ती गुडघ्यावर धरावी लागते, अंगठे लांब ठेवावे लागतात आणि घाई करून चालत नाही. हे वस्तादांनी त्याला शिकवलं होतं. तेव्हा त्यांनी त्याचे अंगठे आपल्या हातात धरले होते. त्याला वाटलं होतं, हे वळण आपल्याशिवाय कुणाला येणार नाही.

तो बराच वेळ नळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बरी आहे.”

“वस्तादांनी अंगठे धरून शिकवली,” दिगू म्हणाला.

जयसिंग निघून गेला.

त्या गॅरेजात ब्रेकच्या कामाची एक रीत होती. जोडणारा एक, बघणारा दुसरा. काम झालं की जोडणारा बाजूला होई. बघणारा चाक उचलून फिरवी, नळ्या चाचपी, पाय दाबून बघे. काम पसंत पडलं, तर जोडणाऱ्याच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेई आणि त्याला आपले हात पुसे. बोलायचं काही नाही. हात पुसले की गाडी रस्त्यावर. नाही पुसले, तर पुन्हा खोल.

आणि ज्याने हात पुसले, त्याने पहिल्या फेरीत जोडणाऱ्याच्या शेजारी बसायचं. यातून कुणालाही सूट नव्हती.

जयसिंगला बोलावणं आलं तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याच्या खांद्यावर आता फडकं नसे. त्याच्या गॅरेजात बेसिन होतं, साबण होता.

दिगू बाजूला झाला. वस्ताद खोक्यावर, भिंतीकडे तोंड करून बसले होते.

जयसिंगने डावं चाक जॅकवर उचललं. आत बसून ब्रेकवर पाय दाबला, सोडला, खाली उतरला आणि चाकाला हाताने गती दिली. चाक फिरलं. आणि जरा लवकर थांबलं.

त्याने पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. आत काहीतरी हलकेच घासत होतं, कापडावरून नख फिरावं तसं.

चकतीला दोन्हीकडून दाबणारे पॅड नवे होते, थोडे घासणारच. दुसरा कुणी असता तर त्याने असंच म्हटलं असतं. जयसिंगला मात्र तेव्हाच कळलं.

ब्रेकचं ऑइल ज्यातून ढकललं जातं, त्या मास्टर सिलिंडरमध्ये एक बारका व्हॉल्व्ह असतो. ड्रम ब्रेकला तो लागतो. पाय काढल्यावरही तो नळीत थोडा दाब धरून ठेवतो. डिस्क बसवली की तो काढायचा असतो. राहिला, तर पाय काढूनही पॅड चाकाला धरून राहतात. चाक तापत जातं, ऑइल उकळायला लागतं, आणि मग ऐन उतारावर पाय दाबावा तर तो नुसताच खाली जातो.

दिगूने व्हॉल्व्ह काढला नव्हता.

एवढंच बोलायचं होतं. व्हॉल्व्ह राहिला. दोन शब्द.

जयसिंगने वर पाहिलं. दिगू फडकं खांद्यावर टाकून उभा होता. निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा. त्याच्यामागे शेगडीवर चहाचं पातेलं होतं. शेजारी एक कप, एक बशी.

काही भयंकर होणार नाही, असं जयसिंगने मनाशी जुळवलं. घाट अजून बराच दूर आहे. गगनबावड्याला पोचायच्या आधीच चाक तापेल. वास येईल. गाडी थांबवावी लागेल, वस्ताद चाकाजवळ हात नेतील आणि त्यांना कळेल. कुणाला दिलं आणि कुणाला द्यायला हवं होतं, एवढंच कळेल. जास्त काही नाही.

त्याने दिगूच्या खांद्यावरचं फडकं ओढलं आणि एकेक बोट पुसलं.

“पुसले?” वस्तादांनी भिंतीकडूनच विचारलं.

“पुसले.”



“…बरं,” मग ते म्हणाले. “उद्या सकाळी निघू. दिगू, शमशादला फोन लाव.”

सकाळी गाडी निघाली. दिगू चालवत होता. जयसिंग शेजारी, आणि वस्ताद मागे, मांडीवर कांदा-लसूण चटणीचा डबा घेऊन.

डावं चाक जयसिंगच्या पायांच्या पुढेच होतं. तो त्याच्याकडे लक्ष लावून बसला. बालिंग्याला त्याला वाटलं, गाडी किंचित ओढतेय. कळे गाव मागे पडलं. उसाच्या ट्रॅक्टरमागे दिगूने पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला, आणि प्रत्येक वेळी जयसिंगने श्वास ओढून वास घेतला. मळीचा वास होता. ओल्या पाचटाचा होता. तापल्या चाकाचा नव्हता.

“जड चाललीय का रे?” त्याने विचारलं.

“न्हाई, दादा. सुटल्यागत पळतीय.”

मागे वस्ताद शमशादविषयी बोलत होते. जावयाने घरापुढे नवा पडवीचा कठडा बांधला होता. आपल्याला तो दिसायचा नाही, पण हात फिरवून बघू, असं ते म्हणाले. गाडीने येतोय हे मुलीला आधी खरंच वाटलं नव्हतं. मग तिने सांगितलं होतं, मी अंगणातच उभी राहीन, हॉर्न वाजवू नका, इंजिनच्या आवाजावरून ओळखते.

“पोरगी या गाडीतच वाढली,” वस्ताद म्हणाले. “मागच्या सीटवर झोपायची.”

जयसिंगने काच खाली केली. वारा आत आला. नुसताच वारा.

गगनबावडा जवळ येत होता. एव्हाना गाडी थांबायला हवी होती. आता थांबली नाही, तर चाक तापायचं ते घाटातच तापणार. त्याने दिगूच्या पायाकडे पाहिलं. मग आरशात पाहिलं. वस्तादांनी डब्यावर दोन्ही हात ठेवले होते. लहान मूल धरावं तसे.

त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती.

घाटाच्या तोंडाशी एक टपरी होती. वस्ताद म्हणाले, चहा घेऊ आणि मग उतरू.

तिघे बाकावर बसले. गाडी पुढेच उभी होती. डावं चाक हाताच्या अंतरावर. नुसतं वाकून त्याच्याजवळ हात नेला असता तरी कळलं असतं. पण वाकला असता तर त्या दोघांनाही कळलं असतं, की याला आधीपासून काहीतरी ठाऊक आहे. जयसिंग ताठ बसून राहिला.

रस्ता पुढे वळणावर खाली बुडत होता. त्यापलीकडे नुसती दरी आणि पांढरं ऊन.

चहा आला. वस्तादांनी कप उचलला आणि अर्धा बशीत ओतला. त्यांना दिसत नव्हतं, पण थेंबही बाहेर सांडला नाही. दिगूचा हात सवयीने पुढे आला.

बशी दुसऱ्या बाजूला सरकली.

“घे, जयसिंग.”

दिगूने हात मागे घेतला आणि दुसरा कप मागवला. त्याला त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

जयसिंगने बशी उचलली. त्याने ती तोंडाजवळ नेली आणि तशीच परत खाली आणली.

“वस्ताद, गाडी खाली न्यायची नाही.”

“का?”

“…मास्टर सिलिंडरात व्हॉल्व्ह राहिलाय.”



“न्हाई, दादा,” दिगू म्हणाला. “काढला मी.”

“कधी?”

“काल सांजच्याला. तुम्ही गेल्यावर. गाडी पुसताना उगंच चाक फिरवलं, तर अडल्यागत वाटलं. मग खोललं सगळं.”

जयसिंग त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याच्यातल्या मिस्त्रीने विचारलं, “हवा कशी काढलीस? पायडल कुणी दाबलं?”

सिलिंडर खोलून परत जोडला की नळीत हवा शिरते. ती काढायची तर एकाने गाडीत बसून पायडल दाबावं लागतं आणि दुसऱ्याने चाकाशी बसून नट सैल करावा लागतो. एकट्याचं ते काम नाही.

दिगू घुटमळला. त्याने वस्तादांकडे पाहिलं.

“मी दाबलं,” वस्ताद चहाचा घोट घेऊन म्हणाले.

“मीच वस्तादांना म्हणालो, दादांना बोलू नका,” दिगू घाईघाईने सांगू लागला. “ह्यो माणूस आख्ख्या जिल्ह्याचे ब्रेक बघतोय, एखाद्या वक्ताला सुटतंय नजरेतनं. उगंच मनाला लावून घेतील. चूक तर माझीच हुती. माझ्याकडनं राहिला, म्हणून तुमच्याकडनं सुटला…”

तो बोलता बोलता थांबला.

त्याच्या तोंडावरचं हसू अजून तिथेच होतं. मग ते हळूहळू उतरत गेलं.

“पण दादा… तुम्हाला कसं म्हाईत? व्हॉल्व्ह राहिलाय म्हणून?”

जयसिंगला उत्तर सुचलं होतं. रात्री घरी गेल्यावर डोक्यात आलं, असं म्हणता आलं असतं. दिगूने ते खरं मानलं असतं. त्याला खरं मानायचंच होतं. तो तसाच बघत होता.

बशी अजून हातात होती.

“दिसला होता,” जयसिंग म्हणाला.

“हात पुसताना?”

“…हात पुसताना.”

दिगूने आपला कप बाकावर ठेवला. त्यातला चहा तसाच होता. तो उठला, गाडीपर्यंत गेला आणि छतावर दोन्ही हात टेकून पाठमोरा उभा राहिला.

वस्तादांनी आपला कप संपवला. त्यांनी जयसिंगला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

“बशी मोकळी कर,” ते म्हणाले. “गार व्हायलीय.”

जयसिंगने चहा प्यायला. कितीतरी दिवसांनी. त्याला चव लागली नाही.

“मी इथनं एस.टी. धरतो, वस्ताद. मागं जातो.”

“हात कुणी पुसले?”

“…मी.”

“मग शेजारी कोण बसायचं?”

जयसिंग जाऊन गाडीत बसला.

दिगूने गाडी घाटातून खाली उतरवली. वळण आलं की त्याचा पाय पडायचा आणि गाडी नाक किंचित खाली करून बसायची. पाय उचलला की तशीच मोकळी व्हायची, जणू कुणी तिला धरलंच नव्हतं. समोरून माल भरलेला ट्रक वर आला, कडेला जागा द्यावी लागली. गाडी त्या उतारावर दगड ठेवावा तशी उभी राहिली, आणि ट्रक गेल्यावर आवाज न करता पुढे निघाली.

काम सुंदर झालं होतं. जयसिंगला ते पायाच्या तळव्यातून कळत होतं. आणि तेव्हाही, त्या सगळ्यानंतरही, त्याच्या मनात आलं, आपण याहून चांगलं केलं असतं का?

मागे वस्ताद डोळे मिटून बसले होते. प्रत्येक वळणाला त्यांची बोटं डब्याच्या झाकणावर दाबली जात आणि सैल होत. दिगूच्या पायाबरोबर.

घाट संपला तिथे दिगूने गाडी बाजूला घेतली. घाट उतरल्यावर चाक बघायचं, हेही रीतीतच होतं. बघायचं ते बघणाऱ्याने.

जयसिंग उतरला. इस्त्रीचा शर्ट घालूनच चाकाशी मातीत गुडघे टेकले. हात आत घालून पॅडच्या कडा बघितल्या, नळीचा जोड चाचपला, चाकाच्या पत्र्यावर तळवा ठेवला. चाक तापलेलं होतं, पण घाट उतरल्यावर असावं तेवढंच. दुसऱ्या बाजूला जाऊन त्याने तेच केलं. घाई केली नाही. ऑइल कुठे पाझरतंय का, तेही वाकून पाहिलं.

मग तो उभा राहिला. हात काळे झाले होते.

दिगू दाराशी उभा होता. फडकं त्याच्या खांद्यावर होतं. जयसिंगने त्याच्याकडे एक पाऊल टाकलं.

दिगूने फडकं खांद्यावरून काढलं. नीट घडी केली. खिशात ठेवलं.

त्यात राग असा दिसला नाही. दुकान बंद करताना माणूस फळी लावतो, तसं त्याने ते केलं आणि रस्त्याकडे तोंड केलं.

जयसिंग हात अंगापासून लांब धरून उभा राहिला. शर्टाला पुसावेत असंही त्याला वाटलं नाही.

“काय झालं?” मागच्या खिडकीतून वस्तादांनी विचारलं. “पुसले का?”

“न्हाई.”

“कामात काय खोट हाय?”

“कामात खोट न्हाई, वस्ताद. काम चोख हाय.”

“मग?”



“…फडकं न्हाई.”

वस्तादांनी मान हलवली. रस्त्यावरून एक एस.टी. धूळ उडवत गेली. दिगू पाठमोराच होता. पण तो ऐकत होता. त्याची मान तशी वळलेली होती.

“मागच्या दोन चाकांना अजून ड्रमच हायेत,” वस्ताद म्हणाले.



“तिथल्या डिस्क तू जोड, जयसिंग.”

जयसिंगने मान वर केली. ज्यासाठी त्याने एवढे दिवस झोप घालवली होती, ते त्याला मिळालं होतं. त्याने वस्तादांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे थट्टा नव्हती, आणि माफीही नव्हती. एखाद्याला उद्या कुठली गाडी खोलायची ते सांगावं, तसा तो चेहरा होता.

“वस्ताद, मी… माझ्या हातात गाडी कशी देताय…”

वस्तादांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि चाचपत चाचपत गाडीच्या पत्र्यावर ठेवला.

“येताना फडकं घिऊन ये,” ते म्हणाले. “बघायला दिगू हाय.”